फिलूबायचा शिपाई

एका सैनिकाला मी ठार मारलं आहे, तेही काजू सोलणाऱ्या बायकांच्या देखत. सैनिक सिनेमातला होता, हत्यार माझी जीभ, आणि कारण निव्वळ जळफळाट. माझं वय तेव्हा पंचवीस. अक्कल त्याहून बरीच लहान.

जळत होते मी फिलूबायवर. फिलोमिना तिचं नाव. आमच्या गावच्या काजू कारखान्यात ती माझ्या शेजारी बसायची. गराचं लाल साल काढताना ती हाताकडे बघायचीसुद्धा नाही, तरी तिच्या सुपात कधी तुकडा पडला नाही. महिन्यातून एकदा ती एसटीने कणकवलीला जाऊन सिनेमा बघायची आणि तीन तासांचा तो सिनेमा आम्हाला चार-पाच दिवस सांगायची. कुणी घाई केली की म्हणायची, "रव गो. त्याका आधी जेवूक तरी दी." मगच तिचा नायक भांडणाला उठायचा.

एका वर्षी मला वाटलं, आता माझी पाळी. नणंदेकडे मुंबईला गेले असताना मी एक युद्धपट पाहिला, भिंतीएवढ्या पडद्यावर. रणगाडे अंगावर येत, विमान गेलं की खुर्ची हादरे. गावी परतल्या परतल्या मी कारखान्यात सुरू झाले. धूर, आग, अख्खा डोंगर कसा उडाला. दोन्ही हात वर करून मी स्फोट करून दाखवला, त्यात माझंच सूप उलटलं.

"मगे, सुलू?" एकीने विचारलं, "त्या शिपायाक बायल होती काय?"

मला आठवेना. "आसतली," मी म्हटलं. समोर बसलेल्या रखमाकाकीने जांभई दिली.

तोच सिनेमा पुढे कणकवलीला लागला. पडद्याला ठिगळ, आवाज फाटका, मध्येच वीज गेलेली. फिलूबाय बघून आली आणि सोमवारी सांगू लागली. तिच्या गोष्टीत रणगाडा दोन दिवस आलाच नाही. आला तो शिपायाचा पायमोजा. बायकोने रफू केलेला, खाकी दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्याने. बाकीचे हसतील म्हणून तो घाईघाईने बूट चढवायचा. मीही तो मोजा पाहिला असणार, पण माझे डोळे विमानाच्या मागे होते. बायकांचे हात थांबू लागले. रखमाकाकी सरकत सरकत फिलूबायच्या गुडघ्याशी येऊन बसली. तिचा मुलगा सैन्यात होता, आणि दीड महिना त्याचं पत्र नव्हतं.

चौथ्या दिवशी फिलूबायने शिपायाला रजा दिली. तो बेळगावला रेल्वेतून उतरला, एसटीत बसला, आंबोलीच्या घाटात गाडी पंक्चर झाली. सिनेमात यातलं काही नव्हतं. सिनेमात तो खंदकातच मरतो. ती हे कुणासाठी करत होती ते दगडालाही कळलं असतं. मला एवढंच दिसत होतं, की सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघतायत आणि मुंबईचा पडदा बघून आलेली मी मुकाट गर सोलतेय.

"खोटां सांगता ती," मी म्हटलं. "तो मरता. बॉम्ब पडता त्याच्यार. मी बघलंय."

रखमाकाकीने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि ती घरी निघून गेली. आता फिलूबाय मला सोलणार, म्हणून मी मान खाली घातली. ती हळूच म्हणाली, "सुलून मोठ्या पडद्यार बघल्यान. तिचांच खरां आसतलां." म्हणजे मोठेपणातही तीच पुढे. लाज वाटायच्या आधी मला त्याचाही हेवा वाटला, यावरून माझी पातळी ओळखा.

फिलूबाय तीन वर्षांपूर्वी गेली. शवपेटीला खांदा द्यायला रखमाकाकीचा तोच मुलगा होता, निवृत्त सुभेदार, मिशा पार पांढऱ्या झालेल्या. गेल्या महिन्यात नातीने घरच्या मोठ्या टीव्हीवर नवा युद्धपट लावला. "आजी, इफेक्ट्स बघ," म्हणाली. आकाश पेटलं होतं आणि मी सैनिकांच्या पायांकडे बघत बसले. एकाच्याही बुटात बायकोचा हात दिसला नाही. फिलूबायने चार दिवस पुरवला असता हा सिनेमा. अजून जळते मी.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. काम सुटल्यावर मी रखमाकाकीकडे गेले. ती अंगणात वाळलेली आमसुलं गोळा करत होती. वाटभर घोकलेलं खोटं मी एका दमात बोलून टाकलं, "काकी, मी चुकलंय. तो वाचता."

वर न बघता ती म्हणाली, "तो मरता ह्यां माका आधीच म्हायत होतां गो. थंय मिल्ट्रीत तेंका तोच पिक्चर दाखवल्यानी, माझ्या झिलान मागच्या पत्रात लिवल्यान होतां. फिलू त्याका आणखी किती दीस जगवता, ता आयकूक मी येय होतंय. उद्या येतंय. तिका सांग, माणूस अजून घाटात आसा, त्याका घराक घेवन ये."