दगडाखालची बिडी

गुहेत बिडी ओढणाऱ्याला तुम्ही शहाणा म्हणाल का? भोकरदनकडच्या गुहांत आम्हाला नेणारे काका स्वतःला तसे समजत.

“धूर जिकडं जातो तिकडं वाट असती, लेका,” असे ते मला ऐकवत आणि मीच वाटलेल्या बिडीविरोधी पत्रकाची सुरळी करून तिने बिडी पेटवत.

एकदा गुहेतल्या अरुंद बोळात धूर कुठेच गेला नाही. माझा श्वास कोंडला. काकांनीच मला पाय धरून बाहेर ओढले.

“तुझी छातीच कच्ची. मंग धुराचा काय कसूर?” म्हणाले.

पण तेव्हापासून ते आपली बिडी गुहेच्या तोंडाशी दगडाखाली ठेवतात आणि इतरांचे खिसे निजामी शिपायापेक्षा कसून तपासतात.

तुम्ही आलात तर बिडी मुकाट्याने त्यांच्या हाती द्या. कारण मात्र विचारू नका.