मंजुळाबाईंनी जपलेली दुपटी

मंजुळाबाईंना चिखलीला दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ मधुसूदन त्यांना संत तुकाराम नगरात आपल्या घरी घेऊन आला. तो चिंचवडच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. आमची दारं समोरासमोर.

भावजयीला, अरुंधतीला, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मंजुळाबाईंनी आपली मऊ झालेली लुगडी फाडून दुपटी शिवली, कुंच्या शिवल्या. पाचव्या महिन्यात गर्भ गेला. ते सगळे कपडे त्यांनी लोखंडी ट्रंकेत ठेवले, आणि कसर लागू नये म्हणून घडीघडीत डांबरगोळ्या घातल्या. गोळ्या विरल्या की नव्या घालायच्या. मला म्हणायच्या, "लागतील गं, आज ना उद्या लागतील."

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात नंदकिशोर झाला. अरुंधतीला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण इथंच. बाहेर सारखी झिमझिम, कपड्यांना ऊन दाखवायची सोय नव्हती. मंजुळाबाईंनी दुपटी तशीच ट्रंकेतून काढली आणि तेल चोळून न्हाऊ घातलेल्या बाळाला घट्ट गुंडाळलं. मी बघायला गेले तर खोलीभर गोळ्यांचा वास. मला तो टापटिपीचा वाटला.

आठवड्याच्या आत बाळ पिवळंजर्द पडलं. दूध ओढेना, मान मागं टाकू लागलं. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याचं दुपटं नाकाशी धरलं.

"यात डांबरगोळ्या होत्या?"

"हो," मंजुळाबाई म्हणाल्या. "चांगल्या भरपूर घातल्या होत्या."

डॉक्टर आवाज न चढवता बोलले. "सगळ्याच बाळांना बाधतं असं नाही. पण काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. या गोळ्यांच्या वाफेनं त्यांचं रक्त फुटतं. तेल लावलेल्या अंगात ती आणखी मुरते. रक्त बदलावं लागेल."

रक्त बदललं. बाळ वाचलं. घरी आल्यावर मंजुळाबाईंनी उरलेली दुपटी एकेक करून बंबात घातली.

दिवाळीत दाराशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. नंदू पाळण्यात टक्क जागा होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. तपासण्या झाल्या. काविळीनं कान नेले होते.

"तुमचा काय दोष, वन्सं? कुणाला ठाऊक होतं?" असं अरुंधती माझ्यादेखत कितीदा म्हणाली. मनापासूनच म्हणाली. पण मुलाला न्हाऊ घालणं, निजवणं ती स्वतःच करू लागली, आणि मंजुळाबाईंनीही त्याला कधी मागून घेतलं नाही. त्या भांडी घासत, दळण आणत, आणि तो समोर आला की नुसत्या बघत राहत.

पुढं नंदूला पुण्याच्या मूकबधिरांच्या निवासी शाळेत घातलं. तिथं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत. एका सुट्टीत मी विरजण मागायला गेले, तर मंजुळाबाई त्याला समोर बसवून बोलत होत्या. मी दारातच थांबले.

"बाळा, तुला मीच गुंडाळलं होतं रे. माझ्याच हातानं. आईनं सांगितलं नव्हतं, मलाच हौस."

नंदू त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. शाळेतल्या सवयीनं त्यांचे ओठ हलतील तसे आपले ओठ हलवत होता, आवाज न करता. मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं तसा तो घाबरला, स्वयंपाकघरात पळाला आणि आईला हाताला धरून ओढत घेऊन आला.

अरुंधतीनं सगळं ऐकलं होतं. पिठाच्या हातांनी ती नणंदेशेजारी टेकली.

"वन्सं," ती म्हणाली, "त्याला भूक लागलीय. आज तुम्ही भरवा."

मंजुळाबाईंनी पोळी कुस्करली, पण उचललेला घास त्याच्या तोंडाशी न नेता पुन्हा ताटातच ठेवला. नंदूनं तो उचलून स्वतःच खाल्ला.

पुढच्याच थंडीत त्या गेल्या, न्यूमोनियानं. नंदू शाळेत होता. त्याला आणायला मधुसूदन गेला, पण दोघं घरी पोहोचेपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते.