शुक्रवार : प्रकल्प पूर्ण

मैत्रिणींनो, मनगट सुजलंय, तरी लिहिते.

आज संध्याकाळी शेजारून पट्ट्याचे आवाज आले. धावत गेले. बैलांचा व्यापार करणारे आमचे शेजारी भाऊ त्यांच्या दहावीतल्या लेकीला, साक्षीला मारत होते. विज्ञानाचा प्रकल्प आज द्यायचा होता, तो दिला नाही म्हणून शाळेतून फोन आला होता. मी मध्ये पडले. पुढचा फटका मला बसला.

"ताई, मधी येऊ नका! कवा काय संपवायचं, सगळं म्या लिवून दिलं हुतं हिला!"

भिंतीवरच्या वेळापत्रकात त्यांच्याच अक्षरात होतं, 'शुक्रवार : प्रकल्प पूर्ण'.

"भाऊ, काल शुक्रवार. घोडेगावचा बैलबाजार. तुमच्याकडं उतरलेल्या गिऱ्हाइकांच्या भाकरी दिवसभर कोणी थापल्या?"

पट्टा त्यांच्या हातातच होता.

साक्षीच्या ओठातून रक्त येत होतं. तिने पेन उचललं आणि भिंतीपाशी थांबून विचारलं, "पप्पा, शुक्रवार खोडू का? मारनार न्हाई ना?"

मी तिला माझ्या घरी आणलंय.

तुमच्या लेकीच्या वेळापत्रकात तिच्या वाट्याची घरकामं लिहिली आहेत का? आत्ता उठून बघाल?