मे महिन्यातला स्वेटर

दर तीन महिन्यांनी माझं थायरॉईडचं रक्त लातूरच्या लॅबमध्ये तीच बाई काढते. नाव मी कधी विचारलं नाही. सुई टोचायच्या आधी ती मनगट धरून ठेवते, तोंडाकडे बघत नाही. "हात सैल सोडा, मग दुखत न्हाई," एवढंच बोलते.

या खेपेला लेकीला नेलं. सारखी थकलेली, भर मे महिन्यात अंगात स्वेटर. वाटलं, माझंच दुखणं तिच्यात उतरलं.

बाईनं तिचं मनगट धरलं आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"पोटभर कधी जेवलीस शेवटचं?"

लेकीनं स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढली.

"पोटाला मिळंना झालं की मेंदू घाबरतो, थायरॉईडला दाबतो, अंगातली आच बारीक करतो," ती मला म्हणाली. "डॉक्टरला हे आधी सांगा. लगेच गोळी मागू नका."

मला राग आला. "अहो, क्लासला रोज डबा देते मी. चाटूनपुसून रिकामा येतो!"

"डब्याचं न्हाई विचारलं मी. हिच्या पोटात किती गेलं, ते विचारलं."

लेकीनं मान खाली घातली. कितीतरी महिन्यांनी मी तिचा हात हातात घेतला. माठासारखा गार होता.