एका कंपनीत आग

टेबलावरचा फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. प्रश्न तोच. "आग लागलेली कंपनी कोणती?"

मला माहीत होतं. एजन्सीच्या बातमीत पहिल्याच ओळीत नाव होतं. एजन्सी म्हणजे पेपरांना तयार बातम्या विकणारी संस्था. आमचं पनवेलचं छोटं दैनिक. आम्ही त्या बातम्या मराठीत करून लावतो. मी केलीही होती. कंपनीचं नाव, आपटा गावाजवळ आग, काही कामगार भाजले.

आमचे मालक तेच संपादक. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंनी स्क्रीनवर नजर टाकली आणि नाव उडवलं. मग आपटाही उडवला. उरलं ते 'पनवेल परिसरातील एका कंपनीत आग'. तेवढंच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं.

"भाऊ, नाव एजन्सीने दिलंय," मी म्हणालो.

"एजन्सी दिल्लीत बसते. मला इथे राहायचंय. दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर या कंपनीची जाहिरात असते."

"नाव काढा म्हणून त्यांचा फोन आला का?"

"फोन येईपर्यंत थांबायचं असतं का?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन सुरू झाले. केमिकलच्या कारखान्यात ठिणगीच्या भीतीने कामगारांचे मोबाइल गेटवरच जमा करतात. म्हणजे घरून फोन लावून उपयोग नाही. आणि पनवेल परिसरात कंपन्या काय थोड्या आहेत? घरोघरचा जीव आम्ही टांगणीला लावला होता. मी प्रत्येकाला नाव सांगत सुटलो. सांगायला बंदी नव्हती, छापायला होती. संताप संताप झाला.

"दादा, आपट्यावरशी बोलतंय," एक बाई म्हणाली. "आमचा मानूस सकालीच कामाला गेलाय. फोन लागत नाय. कंची कंपनी हाय ती?"

मी नाव सांगितलं.

"तीच," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

थोड्या वेळाने कंपनीच्या एचआर मॅनेजरचा फोन आला. भाऊ सरसावून बसले. मी स्पीकर लावला.

"अहो, तुम्ही आमचं नाव का नाही टाकलं? आजूबाजूच्या सगळ्या कंपन्यांतल्या कामगारांच्या घरची माणसं गेटवर जमलीत. आणि आमचे जखमी हॉस्पिटलमध्ये एकटे आहेत. कॉन्ट्रॅक्टवरची मुलं, घरचे नंबर ठेकेदाराकडे, तो फोन उचलत नाही. म्हणून तर एजन्सीला आम्हीच नाव दिलं."

"तुमची बदनामी नको म्हणून..." भाऊ म्हणाले.

"आम्ही सांगितलं होतं का?"

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की नाव जणू मीच उडवलं होतं. "टाक नाव," म्हणाले.

संध्याकाळी त्याच बाईचा हॉस्पिटलमधून फोन आला. नवऱ्याचे दोन्ही हात भाजले होते. पण तो बोलत होता.

"मी आले तवा त्याच्याजवल कोन नव्हता," ती म्हणाली. "तुमची बातमी बघितली, तर वाटला, लांब कुठंतरी असंल. भाकऱ्या थापीत बसले. मंग जीव राहीना म्हनून फोन केला. तुमाला नाव आधीच म्हाईत होता ना?"

"हो."

"मंग?"

मी भाऊंच्या खुर्चीकडे बघितलं. भाऊ घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी एजन्सीने दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्याच्या आगीची बातमी पाठवली. भाऊंनी ती उभ्या उभ्या वाचली.

"पहिल्या पानावर घे," म्हणाले. "कंपनीचं नाव हेडिंगमध्येच टाक."

मी टाकलं. आमच्या पेपरात नाव यायचं तर आग लांब लागावी लागते, एवढं या नोकरीत शिकलो.