आलेला कागद

गोविंदराव पेशकार खुर्चीवर बसत, पण पाठ टेकत नसत. पाठ टेकली की डोळा लागतो, असं त्यांचं म्हणणं. अंबडच्या कचेरीत मी नवा कारकून. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दत्तू, आलेला कागद त्याच दिवशी पुढं ठेवायचा. उद्यावर ढकलायचा न्हाई, बिलकुल न्हाई."

निजामी गेली, कचेरीचं काम मराठीत येऊ लागलं. पण लोकांचे जुने कागद उर्दूतच होते. ते घडाघडा वाचून मराठीत उतरवणारे एकटे गोविंदराव. माणसं थेट त्यांच्या जेवणाच्या पाटापर्यंत कागद घेऊन येत. पुढे त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. महिनाभर विश्रांती घ्या, नाहीतर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. मी त्यांना रेवदंड्याला माझ्या मावशीकडे घेऊन गेलो.

रेवदंडा जुन्या तटबंदीच्या आत वसलेलं. नारळी-पोफळी, आणि तटापलीकडे समुद्र. परसात विहीर काठोकाठ भरलेली, तरी गोविंदराव पहाटे उठून मावशीची सगळी भांडी, अगदी ताकाचा तांब्यासुद्धा, पाण्याने भरून ठेवत. मावशी कपाळाला हात लावी. "आमच्याकडं पाण्याचे हाल. सवय लागलीय, ताई," ते ओशाळून म्हणत.

पाचव्या दिवशी ते तटाला पाठ लावून बसले आणि चक्क घोरू लागले. जागे झाल्यावर म्हणाले, "इथं कुणी कागद घेऊन येत न्हाई रे. किती थकलो होतो, ते आत्ता कळून राह्यलं."

आठव्या दिवशी कचेरीतल्या एका सोबत्याचं पत्र आलं. कुंभार पिंपळगावची माणसं गोविंदरावांच्या ओट्यावर बसून होती. जमिनीच्या दाव्याची तारीख तोंडावर आली होती आणि कागद वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. पत्र माझ्या नावाचं होतं. खिशात ठेवलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण हात सवयीने चालला. तटापाशी जाऊन मी ते त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मी म्हणालो, "साहेब, महिना तरी पुरा करा."

"मंग त्या लोकांनी जावं कुठं?" ते उठले, धोतराची वाळू झटकली. "बराबर केलंस. त्याच दिवशी पुढं ठेवलंस."

दावा त्या लोकांनी जिंकला. दोन महिन्यांनी भरदुपारी गोविंदराव कचेरीतल्या खुर्चीला पाठ टेकून बसलेले दिसले. डोळा लागला असेल, म्हणून बराच वेळ आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही.

नंतर मी तीस वर्षं नोकरी केली. एकही कागद उद्यावर ढकलला नाही. तो एक ढकलायला हवा होता.