शिळा नव्हे, धोंड

“ती हलगी बाहेर, चपलांपाशी ठेवा. वाजली की लोकांना प्रेतयात्रा आठवते.”

सांगलीच्या मोठ्या चर्चमध्ये गीतपुस्तक समितीच्या चिटणिसांनी माझं असं स्वागत केलं. मी कडेगावकडच्या एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर. गाणी लिहितो. बाप मांगवाड्यातला हलगीवाला. चिटणीस जुन्या घराण्यातले. पणजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झाले, हे दर बैठकीत एकदा तरी सांगणार. देव बदलला, सोवळं तेवढं जपून आणलं.

मी हलगी चपलांपाशी ठेवली. ठेवली! वर “व्हय साहेब” म्हणालो.

त्यांना माझं एक गाणं हवं होतं. ते मी सखूमावशीसाठी केलेलं. मावशी आमच्या मंडळीतली, ऊस तोडणारी. लेक गेली आणि तिनं अन्न सोडलं. मला म्हणाली, “आवं पास्टर, तुमच्या पुस्तकात समदी रडायची गाणी. उठायचं एक तरी हाय का?” तिच्या उंबऱ्यात बसूनच ओळ आली. ‘ऊठ बाय, ऊठ बाय, धोंड सरली गं.’ येशूच्या कबरेवरची धोंड. तिसऱ्या कडव्याला मावशी उठली. चूल पेटवली.

चिटणिसांनी लाल पेन काढलं. ‘उठा भगिनींनो, शिळा ढळली.’

“आता कसं शुद्ध झालं!”

शिळा! आमच्याकडं भाकरी शिळी असते, भात शिळा असतो.

“आणि नाव?” मी विचारलं.

“नाव कशाला? ‘पारंपरिक’ छापू. देवाच्या कामात मीपणा नको.”

त्याच पुस्तकात त्यांची स्वतःची आठ गाणी. आठांखाली पदवीसकट नाव. एकही कुणाला पाठ नाही.

मी मान डोलावली. नम्रता म्हणे! वीस वर्षं मी भित्रेपणाला नम्रता म्हणत आलो, आणि रविवारी तीच लोकांना शिकवत आलो.

ईस्टरला पुस्तकाचं प्रकाशन होतं. मंडळीतल्या बायकांना जीपमधून घेऊन गेलो. ऑर्गनवर माझं गाणं सुरू झालं. संथ. इस्त्री केलेलं. सखूमावशी कानाशी लागली, “पास्टर, आपलं गानं कवा म्हननार?”

“हेच त्ये.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “आन तुमी म्हनू दिलं?”

तोंडात शेण घातल्यासारखं झालं. उठलो. सरळ पुढं गेलो. ऑर्गन थांबला.

“हे गानं पारंपरिक न्हाई. मी लिवलंय. मी जित्ता हाय.” माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. वाडाही सांगितला.

चिटणीस ओरडले, “उपासनेत तमाशा नको!”

“तमाशाला अंगात कला लागती, साहेब. हितं नुसती चोरी चाललीय.”

मग गाणं म्हटलं. माझ्या शब्दांत. मागून बायकांनी उचललं. पुढच्या बाकांवरची घराणी पंख्याकडं बघत बसली.

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. लेखी माफी मागा, नाहीतर पाळकपद काढून घेऊ. काय हे शहाणे! बॅप्टिस्ट मंडळी आपला पाळक आपण निवडते, एवढंही ठाऊक नाही. मी पत्र मंडळीपुढं वाचलं. विचारलं, “माफी मागू?” एक हात वर आला नाही. “नको?” सगळे आले.

उत्तर मी त्यांच्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं. माफी नाही. पुढच्या आवृत्तीत गाणं माझ्या शब्दांत, माझ्या नावानं छापा. जमत नसेल, तर ते पान कोरं सोडा.